रक्तदान आणि हृदय : दोन समजुतींची तपासणी

'रक्तदान करा, हृदयविकार टाळा' अशा आशयाचे फलक रक्तदान शिबिरांच्या मांडवाबाहेर अनेकदा पाहायला मिळतात. त्याच मांडवासमोरून 'रक्त दिले की अशक्तपणा येतो, हृदयावर ताण पडतो' असे म्हणत पुढे निघून जाणाऱ्यांची संख्याही कमी नसते. या दोन समजुती परस्परविरोधी आहेत. वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर मात्र दोन्हीही पूर्णपणे टिकत नाहीत. निरोगी माणसाचे हृदय रक्तदानाने दुबळे होत नाही. आणि रक्तदान हे हृदयविकारावरील प्रतिबंधक औषध आहे, असेही आजवर सिद्ध झालेले नाही. रक्त दिल्यानंतर हृदयात आणि रक्ताभिसरणात नेमके कोणते बदल होतात, ते किती काळ टिकतात आणि कोणी सावध राहावे, याची माहिती प्रत्येक रक्तदात्याला असणे आवश्यक आहे.

रक्ताचा हिशेब

प्रौढ व्यक्तीच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे साधारणपणे ६५ ते ७५ मिलिलिटर रक्त असते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सव्वाचार लिटरच्या आसपास रक्त खेळत असते. भारतातील नियमांनुसार किमान ४५ किलो वजन असलेल्या दात्याकडून ३५० मिलिलिटर रक्त घेता येते आणि वजन ५५ किलोपेक्षा अधिक असल्यास ४५० मिलिलिटर घेता येते. याचाच अर्थ एका वेळी शरीरातील साधारण ८ ते १२ टक्के रक्त बाहेर जाते.

हा आकडा मनमानी नाही. अपघातातील रक्तस्रावाचे वर्गीकरण करताना डॉक्टर १५ टक्क्यांपर्यंतची हानी सर्वांत सौम्य गटात मोडतात. एवढे रक्त गेले तरी निरोगी माणसाचा रक्तदाब सहसा ढासळत नाही. रक्तदानाची मर्यादा या पातळीच्या खाली राहील अशाच बेताने ठरविण्यात आली आहे. हृदयाच्या मोजमापाने पाहिले तर विश्रांतीच्या स्थितीत ते मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. रक्तदानाच्या पिशवीत जाणारे ३५० मिलिलिटर रक्त म्हणजे हृदयाचे अवघ्या चार-साडेचार सेकंदांचे काम.

पहिली काही मिनिटे

रक्त शिरेतून काढले जाते. शरीरातील एकूण रक्तापैकी ६० ते ७० टक्के रक्त कोणत्याही क्षणी शिरांमध्येच असते. शिरांच्या भिंती पातळ आणि लवचीक असल्याने त्या रक्ताच्या कोठाराचे काम करतात. या कोठारातून रक्त कमी होऊ लागले की हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा ओघ किंचित घटतो आणि प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर पडणारे रक्तही थोडे कमी होते.

मानेतील मुख्य धमनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब टिपणारे सूक्ष्म संवेदक असतात. दाबातील हा फरक ते तत्काळ मेंदूला कळवितात. मेंदूकडून स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत आदेश सुटतात. शिरा आवळल्या जातात आणि कोठारातील शिलकीचे रक्त हृदयाकडे वळते. लहान धमन्या आकुंचन पावतात आणि हृदयाचे ठोके थोडे वाढतात. ही सारी जुळवाजुळव इतकी सहज होते की बहुसंख्य दात्यांना पलंगावर पडल्यापडल्या तिची जाणीवही होत नाही. पाठोपाठ मूत्रपिंडे आणि काही संप्रेरके शरीरातील पाणी व मीठ राखून ठेवण्याच्या कामाला लागतात.

खरी परीक्षा होते ती उठून उभे राहताना. माणूस आडवा असताना उभा राहिला की गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पाय व पोटाकडे उतरते. एरवी ही गोष्ट लक्षातही येत नाही. पण नुकतेच ३५० मिलिलिटर रक्त दिलेल्या माणसाच्या बाबतीत या दोन्ही घटींची बेरीज होते. रक्तदानानंतर दहा-पंधरा मिनिटे थांबण्याचा, सरबत घेण्याचा आणि सावकाश उठण्याचा आग्रह रक्तपेढीचे कर्मचारी धरतात, तो निव्वळ पाहुणचार म्हणून नव्हे.

चक्कर का येते?

काही दात्यांना रक्तदानाच्या वेळी किंवा नंतर चक्कर येते, घाम फुटतो, मळमळते; क्वचित शुद्धही हरपते. हे पाहून हृदयाला धोका पोहोचला, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हा प्रकार हृदयाच्या आजाराचा नसून मज्जातंतूंच्या एका उलट्या प्रतिक्रियेचा असतो. रक्त घटल्यावर ठोके वाढावेत आणि रक्तवाहिन्या आवळाव्यात, ही अपेक्षित प्रतिक्रिया. परंतु भीती, वेदना, सुई किंवा रक्त दिसणे, उपाशी पोट आणि जागरण यांपैकी काही कारणांनी व्हेगस हा मज्जातंतू एकाएकी अधिक सक्रिय होतो. ठोके मंदावतात, त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही क्षण अपुरा पडतो.

अशा व्यक्तीला आडवे करून पाय उंचावर ठेवले की रक्त हृदयाकडे परतते आणि ती थोड्या वेळात सावरते. प्रथमच रक्त देणारे, कमी वयाचे आणि कमी वजनाचे दाते तसेच स्त्रिया यांच्यात हे प्रमाण तुलनेने अधिक आढळते. खरा धोका असतो तो भोवळ येऊन पडल्याने होणाऱ्या इजेचा. काहींना शिबिराबाहेर पडल्यानंतर, प्रवासात किंवा कामावर असतानाही भोवळ येऊ शकते. म्हणूनच विमान कर्मचारी आणि लांब पल्ल्याचे वाहनचालक यांनी पुढील पाळीपूर्वी किमान २४ तासांचे अंतर राखावे, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

रक्तदानापूर्वी सुमारे अर्धा लिटर पाणी पिणे आणि रक्त देताना पाय व मांड्यांचे स्नायू आलटून पालटून ताठ करणे, या दोन साध्या उपायांनी भोवळ येण्याचे प्रमाण घटते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. संकष्टी, एकादशी किंवा श्रावणातील उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी रक्तदान करणे त्याच कारणासाठी टाळावे.

भरपाईचे तीन टप्पे

दिलेले रक्त 'चोवीस तासांत भरून निघते' हे विधान अर्धे खरे आहे. रक्ताचे तीन घटक तीन वेगवेगळ्या गतीने भरून येतात.

सर्वांत आधी भरून निघतो तो रक्तातील द्रव भाग. ऊतींमधील पाणी केशवाहिन्यांत शिरू लागते आणि पिण्यातून मिळालेल्या पाण्याची त्यात भर पडते. २४ ते ४८ तासांत रक्ताचे एकूण आकारमान पूर्ववत होते. हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला दाब आणि ओघ यांचा प्रश्न येथेच मिटतो.

दुसरा टप्पा तांबड्या पेशींचा. द्रव भरला, पण पेशी तितक्याच वेगाने भरत नाहीत. त्यामुळे रक्त किंचित पातळ होते आणि हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने खाली येते. ही घट ओळखून मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करतात आणि अस्थिमज्जेतील पेशीनिर्मिती वेग घेते. पुरेसे लोह असलेल्या माणसात ही भरपाई साधारण चार ते आठ आठवड्यांत होते. या काळात दैनंदिन व्यवहारांत काही जाणवत नाही. मात्र धावपटू, सायकलपटू, गिर्यारोहक यांची कमाल क्षमता काही दिवस ते दोन-तीन आठवडे थोडी उणावते. मॅरेथॉनच्या तोंडावर रक्तदान न करणे त्यांच्या दृष्टीने हिताचे.

तिसरा आणि सर्वांत संथ टप्पा लोहाचा. ३५० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे १५० ते १७५ मिलिग्रॅम, तर ४५० मिलिलिटरबरोबर २०० मिलिग्रॅमच्या पुढे लोह शरीराबाहेर जाते. रोजच्या आहारातून शरीरात प्रत्यक्ष शोषले जाणारे लोह मात्र एक-दोन मिलिग्रॅमच असते आणि त्यातील बराच भाग नेहमीची झीज भरून काढण्यात खर्च होतो. त्यामुळे लोहाचा साठा पूर्ववत होण्यास अनेक महिने लागू शकतात.

'रक्तदानाने अशुद्ध रक्त निघून जाते व नवे शुद्ध रक्त तयार होते' ही समजूतही येथे तपासून पाहण्याजोगी आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि निरोगी अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी घडवीत असते. रक्तदान असो वा नसो, हे काम अखंड चालूच असते. शिवाय दात्याचे रक्त अशुद्ध असते, तर ते रुग्णाला देता आलेच नसते.

हृदयविकार टळतो काय?

फलकांवरील दाव्याला एक शास्त्रीय इतिहास आहे. १९८१ मध्ये अमेरिकी संशोधक जेरोम सुलिव्हन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक गृहीतक मांडले. रजोनिवृत्तीपूर्वी स्त्रियांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असते. मासिक पाळीमुळे त्यांच्या शरीरातील लोहसाठा कमी राहतो, हे त्यामागील कारण असावे, असा त्यांचा तर्क होता. अतिरिक्त लोहामुळे ऊतींची झीज होते, म्हणून नियमित रक्तदानाने लोह कमी ठेवल्यास हृदयाचे रक्षण होईल, असा त्याचा पुढचा धागा.

फिनलंडमधील अभ्यासाने या तर्काला बळ मिळाले. पूर्व फिनलंडमधील २,६८२ पुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदान केलेल्या १५३ जणांपैकी केवळ एकाला हृदयविकाराचा झटका आला, तर रक्तदान न केलेल्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी अधिक होते. हा फरक डोळ्यांत भरणारा होता आणि तो जगभर उद्धृत झाला.

त्यानंतरचे चित्र मात्र वेगळे आहे. अमेरिकेतील ३८ हजारांहून अधिक पुरुषांच्या पाहणीत आयुष्यभरात किती वेळा रक्तदान केले आणि हृदयविकाराचा झटका आला किंवा नाही, यांचा परस्परसंबंध आढळला नाही. हे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून महत्त्वाची ठरली ती २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या १,२७७ रुग्णांचे तेथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटातील रुग्णांचे ठराविक काळाने रक्त काढून लोह कमी करण्यात आले. दुसऱ्या गटात तसे केले नाही. मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांच्या एकूण प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही.

मग रक्तदाते इतरांपेक्षा निरोगी का दिसतात? याचे उत्तर निवडीत आहे. ज्यांचे हिमोग्लोबिन, वजन, नाडी आणि रक्तदाब ठीक असतो, ज्यांना गंभीर आजार नसतो, अशांनाच रक्तदानाची मुभा मिळते. आजारी पडलेला दाता आपोआप यादीतून गळतो. स्वीडन आणि डेन्मार्कमधील लाखो रक्तदात्यांच्या नोंदींवर आधारित २००७ मधील अभ्यासात दात्यांचा मृत्युदर सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत ३० टक्क्यांनी कमी आढळला. परंतु हा रक्तदानाचा परिणाम म्हणण्याऐवजी निरोगी माणसेच दाते होतात याचा परिणाम होय, असे संशोधक मानतात. रक्तदानाने माणूस निरोगी झाला की निरोगी होता म्हणून रक्तदान करू शकला, हा भेद फलकावर मावत नाही.

रक्त काढणे हा खरोखरच उपचार ठरतो, असे काही मोजके आजार आहेत. तांबड्या पेशींची बेसुमार वाढ होणाऱ्या पॉलिसायथेमिया व्हेरा या विकारात रक्त दाट होऊन गुठळ्या होतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील चाचणीत अशा रुग्णांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आत राखल्यास हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि मोठ्या गुठळ्या यांचे प्रमाण बरेच कमी राहते, असे स्पष्ट झाले. शरीरात लोह साचत जाणाऱ्या हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक विकारातही रक्त काढतात. पण हे उपचार रुग्णांसाठी आहेत. त्यांचा लाभ निरोगी माणसाच्या खात्यावर मांडता येत नाही.

रक्तदाबाचा प्रश्न

नियमित रक्तदानाने उच्च रक्तदाब उतरतो, असेही सांगितले जाते. जर्मनीतील एका पाहणीत वर्षभरात चार वेळा रक्त दिलेल्या उच्च रक्तदाबाच्या दात्यांचा वरचा दाब सरासरी १२ अंकांनी कमी झाल्याचे २०१६ मध्ये नोंदविण्यात आले. मात्र तुलनेसाठी रक्तदान न करणाऱ्यांचा गट या पाहणीत नव्हता. वारंवार मोजणीची सवय झाली, मनावरील ताण ओसरला तरी रक्तदाब कमी भरतो, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळीला रक्तदान हा पर्याय नाही.

भारतातील निकषांनुसार वरचा रक्तदाब १०० ते १४० आणि खालचा ६० ते ९० या मर्यादेत असावा. मग तो औषध घेऊन असला तरी चालतो. परंतु मागील २८ दिवसांत औषध किंवा त्याची मात्रा बदललेली नसावी आणि रक्तदाबामुळे हृदय, मूत्रपिंड वा डोळ्यांवर परिणाम झालेला नसावा. नाडी नियमित आणि मिनिटाला ६० ते १०० च्या दरम्यान हवी. केवळ रक्तदाबाची गोळी सुरू आहे म्हणून कोणी अपात्र ठरत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. गोळी मध्येच बंद करून शिबिरात जाणे मात्र धोक्याचे.

हृदयरुग्णांना मनाई का?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, अंजायनाचा त्रास असलेले, बायपास किंवा हृदयावरील अन्य शस्त्रक्रिया झालेले, तसेच संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडलेले रुग्ण यांचे रक्त घेतले जात नाही. कारण त्यांच्या बाबतीत वर वर्णन केलेली जुळवाजुळव महागात पडू शकते. अरुंद झालेल्या धमनीतून हृदयाच्या स्नायूला आधीच बेताचा प्राणवायू मिळत असतो. त्यातच ठोके वाढले, दाब उतरला आणि प्राणवायू वाहणाऱ्या पेशी घटल्या, तर तेवढा फरकही त्या स्नायूला झेपेलच असे नाही. ठोके मंद ठेवणाऱ्या काही औषधांमुळे शरीराची नैसर्गिक प्रतिक्रियाही दबलेली असते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधील निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून देशात पैसे घेऊन रक्त देण्यावर बंदी आली. स्वेच्छा रक्तदान वाढले. तरीही शस्त्रक्रियेच्या वेळी नातेवाइकांकडे बदली रक्तदात्याची विचारणा होतच राहिली. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी आपला आजार दडवून पुढे होतात. रुग्णाच्या काळजीपोटी उचललेले हे पाऊल घरात दुसरा रुग्ण निर्माण करू शकते. तपासणी अर्जावरील हृदय, श्वास, औषधे यांविषयीचे प्रश्न दात्याच्याच रक्षणासाठी असतात.

खरी किंमत लोहाची

निरोगी दात्याला रक्तदानाची जी किंमत मोजावी लागते, ती हृदयाची नसून लोहाची आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील ४५ हजारांहून अधिक दात्यांच्या चाचणीत पुरुषांनी ८ ते १२ आठवड्यांच्या आणि स्त्रियांनी १२ ते १६ आठवड्यांच्या अंतराने दोन वर्षे रक्त दिले. अंतर कमी केल्याने जीवनमानावर मोठा दुष्परिणाम झाला नाही. पण हिमोग्लोबिन व लोहसाठा घटला आणि थकवा, धाप, चक्कर अशा तक्रारी वाढल्या. अमेरिकेतील २०१५ च्या एका अभ्यासात लोहाची गोळी न घेणाऱ्या दात्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांचा लोहसाठा २४ आठवड्यांनंतरही पूर्ववत झाला नव्हता.

भारतात पुरुषांसाठी ९० दिवसांचे व स्त्रियांसाठी १२० दिवसांचे किमान अंतर ठरविण्यात आले आहे. हे अंतर पाळणे महत्त्वाचे आहेच. पण ते पुरेसे आहे असे गृहीत धरू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते. शिबिरात ते मोजले जाते, परंतु लोहाचा साठा मोजला जात नाही. हिमोग्लोबिन १२.५ भरूनही साठा जवळजवळ रिता असू शकतो. वर्षातून अनेकदा रक्त देणाऱ्यांनी, विशेषतः तरुण स्त्रियांनी, अधूनमधून फेरिटिनची चाचणी करून घ्यावी. बाजरी, हाळीव, कडधान्ये, पालेभाज्या, अंडी, मांस यांचा आहारात समावेश असावा. जेवणात लिंबू किंवा आवळा असल्यास लोह चांगले शोषले जाते. जेवणालगत घेतलेला चहा मात्र त्यात अडथळा आणतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

रक्तदात्यांनी लक्षात ठेवावे

* वय १८ ते ६५ वर्षे; प्रथमच रक्त देणाऱ्याचे वय ६० वर्षांपेक्षा अधिक नसावे.
* आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. उपाशीपोटी किंवा मद्यपान करून रक्तदान करू नये.
* रक्तदानापूर्वी पाणी प्यावे आणि त्यानंतर दिवसभर पाणी, ताक, सरबत असे द्रवपदार्थ अधिक घ्यावेत.
* रक्तदानानंतर सावकाश उठावे. गरगरल्यासारखे वाटताच जागच्या जागी आडवे व्हावे.
* त्या दिवशी जड व्यायाम, ओझी उचलणे आणि उंचावरील काम टाळावे.
* छातीत दुखणे, धाप लागणे किंवा दीर्घकाळ धडधडणे ही रक्तदानाची नेहमीची लक्षणे नव्हेत. असे झाल्यास तातडीने डॉक्टरांकडे जावे.

उन्हाळ्याच्या सुटीत महाविद्यालये बंद असतात, अनेक कुटुंबे गावी गेलेली असतात आणि रक्तपेढ्यांतील साठा आटतो. थॅलेसेमियाची मुले, बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या माता, अपघातग्रस्त आणि हृदयशस्त्रक्रियेची वाट पाहणारे रुग्ण यांची गरज मात्र सुटीवर जात नाही. आपल्या हृदयाला लाभ व्हावा म्हणून रक्त देणाऱ्याच्या पदरी शास्त्राचा भक्कम पुरावा पडणार नाही. हृदय दुबळे होईल म्हणून थांबलेल्या निरोगी माणसाची भीती मात्र निराधार आहे. त्याच्या दृष्टीने चार-साडेचार सेकंदांचे ते काम रुग्णाच्या दृष्टीने साऱ्या आयुष्याचे असू शकते. आणि रक्तदानासाठी एवढे कारण पुरेसे आहे.